आईच्या हाताला बसेल असा गियरबॉक्स

बाबा, तुमच्या गाडीचा गियरबॉक्स बदलला. सव्वा महिना झाला. तुम्ही असता तर आधी विचारलं असतं, "कोनाले इचारून?" त्याचंच उत्तर द्यायला हे लिहायला बसलो. घरामागच्या टिनाखाली गाडी उभी आहे आणि मी तुमच्याच सीटवर बसलो आहे, मांडीवर ऑफिसची डायरी. रविवार आहे, चार वाजत आलेत, वरचं टिन तापलेलं आहे. आई आत आत्ताच झोपली. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली आणि या सोळा वर्षांत श्राद्धाचं पान वाढण्यापलीकडे मी तुमच्यासाठी काही केलं नाही. पाटबंधारे खात्यात कारकुनी करतो, दिवसाला वीस पत्रं लिहितो, सगळ्यांच्या डोक्यावर 'संदर्भ' असतो. या पत्राला संदर्भ एकच आहे, आईचा उजवा हात. तो बंद पडला आहे. डॉक्टर म्हणतात हाताला काही झालेलं नाही. ते मलाही माहीत आहे.

तुमचा डावा हात कापसाच्या जिनातल्या यंत्रात गेला तेव्हा मी बारावीत होतो. चार बोटं गेली, अंगठा राहिला, आणि मनगटातला जोर गेला. फिटर माणूस, सगळं आयुष्य दुसऱ्यांची यंत्रं जोडण्यात गेलं, आणि एका यंत्रानंच हात खाल्ला. लोक भेटायला यायचे आणि तुमच्या फडक्यात गुंडाळलेल्या हाताकडे न पाहता चहा प्यायचे. तुम्ही त्यांनाच धीर द्यायचात. मग दोन वर्षांनी ही लहान गाडी, तीही कुणीतरी वापरून टाकलेली, दारात आणून उभी केलीत. आईनं कपाळावर हात मारला. "एका हातानं स्टेरिंग धरसान, मंग गियर कोन टाकीन?" तुम्ही चप्पल काढत काढत म्हणालात, "तू." तिला वाटलं थट्टा आहे. मलाही वाटलं. पण उन्हाळ्यात जिन बंद होतं, कापसाचं ते मोठं आवार रिकामं पडतं, तिथे रोज सकाळी तुम्ही तिला घेऊन जायला लागलात. तुम्ही क्लच दाबायचा आणि आकडा बोलायचा, तिनं डावीकडच्या सीटवरून उजव्या हातानं दांडा ओढायचा. पहिले आठ दिवस गाडी बेडकासारखी उड्या मारत होती. आवाराचा चौकीदार खुर्ची घेऊन बघायला बसायचा. आई घरी येऊन भाकरी थापताना पुटपुटायची, एक वर, दोन खाली, तीन मधातून वर.

मग ती मूठ. तो दिवस मला अजून स्वयंपाकघराच्या धुरासकट आठवतो. गाडीच्या दांड्यावरची मूठ झिजून गुळगुळीत झाली होती, आईचा हात घसरायचा. तुम्ही स्वयंपाकघरात आलात, परातीतल्या कणकेतून एक गोळा तोडलात आणि तिच्या हातावर ठेवून म्हणालात, "दाब." ती म्हणाली, "पोळ्या करू देता का नाई?" "दाब म्हनलं ना." तिनं रागानं मूठ आवळली. तिच्या बोटांचे ठसे उमटलेला तो गोळा तुम्ही कागदात गुंडाळून जिनातल्या सुताराकडे नेलात आणि दोन दिवसांनी शिसवीची मूठ घेऊन आलात, चार बोटांसाठी चार खळग्या असलेली. आईनं ती हातात धरून पाहिली. तुम्ही लग्नानंतर तिला काय काय आणलं असेल ते मला ठाऊक नाही, पण त्या मुठीएवढं तिनं काही जपलं नाही. गाडीतून उतरताना ती पदरानं पुसायची, रोज.

त्यानंतर तुम्हाला आकडा बोलावा लागत नव्हता. ती इंजिनचा आवाज ऐकायची. चढ आला की तुमचा पाय खाली जायचा आणि तिचा हात मागे यायचा, दोन्ही एकाच वेळी, आणि बोलणं मधे तुटायचंही नाही. मी मागच्या सीटवर बसून पाहायचो. पुलगावच्या रस्त्यावर पोलिसानं एकदा थांबवलं होतं, आठवतं? "गाडी कोन चालवून राह्यलं?" त्यानं विचारलं. तुम्ही म्हणालात, "दोघं." आईनं वाकून खुलासा केला, "साहेब, म्या फक्त गियर टाकतो, बाकी सारं हेच करतेत." त्या हवालदारानं पावतीपुस्तक उघडलं, पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "मंग पावती कोनाच्या नावानं फाडू? जा बाप्पा, सांभाळून जा." पुढे पुलगाव येईपर्यंत आई हसत होती. गल्लीत आपल्या गाडीला लोक 'नवराबायकोची गाडी' म्हणायचे आणि आईला त्याचा फार मान वाटायचा.

मी शिकायला बसलो तेव्हाची गोष्ट मात्र मला आठवायला नको वाटते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो, अंगात मस्ती. तुम्ही मागे, मी तुमच्या सीटवर, आई तिच्या जागेवर. मी क्लच दाबला आणि तिचा हात यायच्या आत स्वतःच दांडा ओढला. मुठीवर माझा हात आणि माझ्या हातावर तिचा. कर्रर्र आवाज झाला. तुम्ही मागून माझ्या खांद्यावर तो अर्धा हात ठेवलात. ओरडला नाहीत. "गियर तिचा हाय," म्हणालात, "तू पाय सांभाळ. पाय पुरा खाली गेल्याबिगर हाताले बलावाचं नाई. हात आंधळा राह्यते, थो पायाच्या भरवशावर जाते." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, माझे दोन्ही हात धड आहेत, मला कशाला हे. बाबा, तुमचं ऐकून घ्यायचं आणि मनात ठेवायचं नाही, ही कला मी लवकर शिकलो होतो.

तुम्ही गेल्यावर गाडी मी एकट्यानंच चालवली. आई पुढे बसायची पण हात मांडीवर. मी कधी म्हटलं नाही की घाल गियर, आणि तिनं कधी विचारलं नाही. तशीच बारा वर्षं गेली. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी डब्यांची झाकणं, मग शेजारणींची नावं, मग सून. माझी बायको तिला औषध द्यायला गेली की ती विचारायची, "तू कोनाची वं?" एकदा मी ऑफिसातून आलो तर मलाच म्हणाली, "साहेब घरी नाईत." तुमची आठवण काढत होती की माझी, कळलं नाही. तिचं एकेक दार बंद होत होतं आणि मी बाहेर उभा राहून पाहत होतो. त्यात एका चतुर्थीला तिला केळझरच्या गणपतीला नेत होतो. सेलूच्या पुढे एक ट्रॅक्टर आडवा आला, मी क्लच दाबला, आणि दांड्याकडे हात नेतो तर तिथे तिचा हात आधीच होता. तिनं तिसऱ्यातून दुसरा टाकला. समोर बघत होती, ओठ मिटलेले. ट्रॅक्टर गेला, मी पुन्हा पाय दाबला, तिनं तिसरा टाकला. केळझरपर्यंत मी तोंडातून शब्द काढला नाही, मला भीती वाटत होती की बोललो तर थांबेल. देवळात गेल्यावर ती मला विचारते, "हे कोनतं गाव?" पण परत येताना एकही गियर चुकला नाही.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही निघायला लागलो. कधी केळझर, कधी पवनार, कधी आष्टीच्या रस्त्यानं नुसतंच. जगातलं सगळं तिच्या हातून सुटलं होतं, एवढं एक तिच्या हातात होतं, आणि त्या तासाभरात ती आमची आई असायची. डॉक्टर म्हणाले, करू द्या, जितके दिवस करते तितके दिवस करू द्या. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगायचं तर बाबा, मला कंटाळाही यायचा. तिचा हात आता हळू झाला होता. मी पाय दाबून वाट पाहायची, मागचा हॉर्न वाजवायचा, लोक खिडकीतून बघून हसायचे. मग मी काय करायचो, तिचा हात दांड्यावर पोचला की पाय सोडायला लागायचो. कधी कधी पुरा दाबायचोच नाही. वेळ वाचायचा. थोडा कर्रर्र आवाज व्हायचा, गाडी जुनी आहे म्हणायचं.

गिरडला ते झालं. तुम्हाला ती टेकडी आवडायची, दर्ग्याजवळचे गोल गोल दगड वेचून आई पदरात बांधायची आणि तुम्ही म्हणायचात, घरात आधीच काय कमी दगड आहेत. तिथल्या चढावर मागे एक जीप लागली, हॉर्नवर हॉर्न. तिसरा गियर ओढेना. मी अर्धा पाय दाबला, तिनं दुसरा टाकला, आणि आतून असा आवाज आला की कुणी दाताखाली खडा फोडला. गाडी थांबली. त्यानंतर दुसरा पडेचना, तिसरा पडला की सुटायचा. आई दांड्याकडे बघत होती. मग स्वतःच्या हाताकडे. "माह्या हातानं मोडलं काय रे?" तिनं विचारलं. किती महिन्यांनी तिनं मला 'रे' म्हटलं होतं. मी खाली उतरलो, जीपवाल्याला हातानं पुढे जा म्हटलं, बॉनेट उघडलं. तिला म्हणालो, "राहू दे आता." एवढंच म्हणालो.

आर्वी रोडवरचा आपला मिस्त्री, तुमच्यापेक्षा लहान पण आता त्याचीही दाढी पांढरी झाली आहे, त्यानं गियरबॉक्स उतरवून उघडला. आई बाहेर स्टुलावर चहा घेऊन बसली होती. त्यानं मला आत बोलावलं आणि ताटलीत ठेवलेली पितळेची रिंग दाखवली, घासून घासून चपटी झालेली, आणि दुसऱ्या गियरचे मोडलेले दात. आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, राग नोका मानू. हे हातवाल्याचं काम नाई, पायवाल्याचं हाय. क्लच पुरा न दाबता गियर पडत गेला, त्यानं रिंग खाल्ली, मंग दात गेले. एका दिवसाचं नाई हे, लय दिवसाचं हाय. आन माई बायर बसून सारखी इचारून राह्यली, म्या मोडलं का म्हनून. तिले सांगून द्या." मी मान हलवली. बाहेर आलो. आईनं वर पाहिलं. मी म्हटलं, "चल, ऑटो आला." इतकं सगळं विसरते तर हेही संध्याकाळपर्यंत विसरेल, असा माझा हिशेब होता. मला लाज वाटली होती आणि ती लाज झाकायला तिचं विसरणं मला सोयीचं वाटलं. हे असंच झालं.

तो बॉक्स दुरुस्त होण्यातला नव्हता. ती रिंग आता मिळत नाही, आतला शाफ्टही खरचटलेला. दुसरा बॉक्स शोधायचा होता. मिस्त्रीनं माप कसं घेतलं माहिती आहे? बॉक्सचं जे तोंड इंजिनला बसतं त्याला ग्रीस फासलं आणि मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा त्यावर दाबला. बोल्टांची सगळी भोकं पुठ्ठ्यावर उमटली. मागच्या बाजूला त्यानं लिहून दिलं, शाफ्टला खाचा किती, चाकाकडे जाणारे दांडे किती जाड, बॉक्स ज्यावर टेकतो तो पाय कोणत्या बाजूला, मीटरची तार कुठून निघते. "हा पुठ्ठा घेऊन नागपूरच्या भंगारात जा. तोंडाले तोंड लागलं पाहिजेन. खाचा दोनदा मोजजा. अन् घ्याच्या आंधी मले फोन करजा." तो पुठ्ठा पिशवीत घालून बसनं जाताना मला कणकेचा तो गोळा आठवला होता. आठवला आणि मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

भंगारात गियरबॉक्स जमिनीवर ओळीनं मांडलेले असतात, सगळे एकसारखे काळे. एकाचं तोंड जुळलं तर शाफ्ट जाड निघाला. एकाच्या खाचा जुळल्या तर पाय उलट्या बाजूला. एक डिझेल गाडीचा होता, तो दुकानदार माझ्या गळ्यातच मारत होता, "भैया, थोडा घिस दो तो बैठ जाएगा." दुपारपर्यंत माझे हात कोपरापर्यंत काळे झाले. आणि मग दोन मिळाले, दोन्ही पुठ्ठ्याला लागणारे. पहिला अगदी आपल्यासारखा, चार गियरचा, लोखंडी दांड्यानं गियर बदलणारा, पण फिरवला की तिसऱ्यात कण्हायचा. दुसरा त्याच कंपनीच्या नंतरच्या गाडीचा, पाच गियरचा, दांड्याऐवजी तारांनी गियर बदलणारा, घट्ट. त्याच्या तारा, त्याचा दांडा, खालची पेटी, सगळं एकाच गाडीतून काढलेलं, जोडून मिळत होतं. मी मिस्त्रीला फोन लावला. त्यानं दोघांच्या खाचा पुन्हा मोजायला लावल्या. मग म्हणाला, "दोन्ही बसतेत साहेब. तारवाला घेसान तं गाडी मक्खन चालीन. दांड्यावाला आवाज करीन, सालदोनसाल चालीन का नाई सांगता येत नाई. पन माईचा हात जिथल्या तिथंच राहीन. तारवाल्याचा दांडा आखूड राह्यते, मागं राह्यते. सोचून घ्या."

मी सोचलं, बाबा. खरंच सोचलं, तिथे एका टायरवर बसून. आईचं आता किती दिवस, असं सोचलं. नागपूरला पोरीला कॉलेजात सोडायचं-आणायचं, चौपदरी रस्त्याला पाचवा गियर बरा, असं सोचलं. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक होतं, की नवीन दांडा आला तर कदाचित ती स्वतःच हात लावणार नाही आणि मी एकट्यानं गाडी चालवीन, नीट, कुणाची वाट न पाहता. हे मी तेव्हा मनातल्या मनातही पूर्ण वाक्यात म्हटलं नव्हतं. मी पाच गियरचा घेतला. तो पोचवायला आलेला टेम्पो आपला जुना बदल्यात घेऊन गेला.

बसवायला तीन दिवस लागले. मिस्त्रीनं काम चोख केलं, सगळे बोल्ट हातानं बसले, एक थेंब तेल गळलं नाही. फक्त शिसवीची मूठ बसेना. नव्या दांड्याचे आटे वेगळे. त्यानं ती पुसून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "हे ठेवून द्या." मी कागदपत्रांच्या कप्प्यात टाकली. पुढच्या रविवारी आईला बसवून निघालो. कोपऱ्यावर मी क्लच दाबला, पुरा दाबला, शपथेवर सांगतो. तिचा हात उठला आणि जुना दांडा जिथे असायचा तिथे गेला. तिथे काही नव्हतं. चार बोटं पुढे हवेत मिटली. मी तिचा हात धरून नव्या मुठीवर ठेवला. तिनं पहिल्यातून खाली ओढला, जुन्या अंदाजानं, लांब. हा दांडा तेवढा जात नाही. तो थटला, ती तरीही ओढत राहिली, गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं. तिनं हात विस्तवावरून काढावा तसा काढून पदराखाली घेतला. "हे आपली गाडी नाई," ती म्हणाली. "मले घरी सोडून द्या. म्या काई केलं नाई."

तीन रविवार मी प्रयत्न केला. गाडी उभी ठेवूनच तिचा हात धरून शिकवलं, तुम्ही जिनाच्या आवारात शिकवलं तसं, एक वर, दोन खाली. ती हात सैल सोडायची, जसा दुसऱ्याचा आहे. चौथ्या रविवारी गाडीत बसायलाच तयार झाली नाही. आणि मग घरात सुरू झालं. बायकोनं पाण्याचा पेला दिला तर तिनं उजवा हात पाठीमागे नेला. "मोडीन," म्हणाली. ताट ठेवलं तर तेच. "माह्या हातानं मोडते." आता तिला भरवावं लागतं. वेणीला हात लावत नाही, दाराची कडी लावत नाही, देवाला नमस्कारही एका डाव्या हातानं करते. आपली नावं विसरली, गाव विसरली, तुम्ही गेलात हेसुद्धा विसरली, आणि एवढं एक लक्षात ठेवलं. मी तिच्यासमोर बसून दहा वेळा सांगितलं की आई, तू नाही मोडलं, मी मोडलं, माझा पाय चुकला. ती ऐकते, मान डोलवते, आणि हात पाठीमागे तसाच. ते सांगायची एक वेळ होती, गिरडच्या चढावर, जेव्हा तिनं मला ओळखून विचारलं होतं. ती वेळ मी बॉनेटमध्ये डोकं घालून घालवली.

परवा रजा टाकून पुन्हा नागपूरला गेलो. म्हटलं तो कण्हणारा आणतो, सगळं काढून पुन्हा बसवतो, निदान आपला जुना तरी परत मिळेल. दुकानदारानं डोकं खाजवलं. "वो चार गियरवाले? दोनों कट गए भैया. भट्टी में गए." जिथे ते ठेवले होते तिथे मातीवर तेलाचा डाग होता. मी पुठ्ठा पिशवीतून काढलाही नाही. येताना बस केळझरवरून आली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

तुम्ही हाताचं माप घेऊन गेला होतात आणि मी लोखंडाचं. यापलीकडे मला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही. आता काही होण्यासारखं उरलेलं नाही, हे मी तुम्ही मला धीर द्यावा म्हणून लिहीत नाही. तुम्ही तुमच्या हाताच्या वेळी सगळ्यांना धीर दिलात, मला कुणाचा नको आहे. डायरीतून फाडून हे कागद इथेच गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या पाकिटात राहतील. तुम्हाला जे काही सांगायचं ते याच गाडीत सांगता येतं.

एक राहिलं. आज जेवणानंतर मी ती शिसवीची मूठ काढून आत नेली. आई खाटेच्या कडेला बसली होती. मी तिच्या उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसलो, पाठीमागचा हात हळूच पुढे आणला आणि तळव्यावर मूठ ठेवली. ती बराच वेळ तशीच. मग बोटं मिटली, एकेक आपापल्या खळगीत. तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं, रस्ता पाहावा तसं. "दाबा," ती म्हणाली. मला कळायला वेळ लागला. मग मी डावा पाय फरशीवर दाबला. तिनं हात वर नेला. "दाबा." खाली आणला. "दाबा." मधातून वर. चौथ्यापर्यंत गेली, लांब लांब, जुन्या गाडीच्या मापानं, एकदाही न चुकता. मला रडू येत होतं आणि मी पाय उचलत नव्हतो.

"अजी," ती म्हणाली. मान न वळवता, चालत्या गाडीत बोलावं तशी. "पोराले गाडी नोका देऊ."

"काऊन?" मी विचारलं.

"त्याचा पाय पुरा जात नाई खाली. माह्या हाताले समजते ना. कितींदा वाटलं सांगाव त्याले, पन त्याले वाईट वाटीन." मूठ तशीच धरून म्हणाली, "तुमी द्यान, तुमचा जीव हाय त्याच्यावर. पन नोका देऊ. थो मोडून टाकीन अन् सांगनार नाई."

बाबा, तेव्हा तरी मी कोण आहे ते सांगायचं होतं. मी तुमच्या आवाजात म्हणालो, "नाई देत."